पीटी-३: पुण्यातल्या घरावरची ४० टक्के सवलत पदरात कशी पाडून घ्यायची

मिळकतकराचं बिल आलं की बहुतेक घरांत एकच आकडा बघतात, तळाचा. "यंदा किती आलाय?" एवढं विचारायचं, मोबाइलवरून पैसे भरायचे आणि बिल रद्दीत. पुणे महापालिकेच्या हद्दीत राहत असाल, तर यंदा तसं करू नका. चष्मा लावा आणि बिलावर 'वार्षिक करपात्र रक्कम' कुठे लिहिली आहे ते शोधा. स्वतः राहत्या घराला मिळणारी ४० टक्क्यांची सवलत तुमच्या घराला लागली आहे की नाही, हे त्या रकमेवरून कळतं. लागली नसेल, तर तुम्ही दर वर्षी दीडपटीहून जास्त कर भरताय, आणि तसं तुम्हाला कुणी घरी येऊन सांगणार नाही.

मी कोथरूडला एका सोसायटीची सचिव आहे. आमच्या ए आणि बी विंग जुन्या, तिथली सवलत पूर्वीपासून चालू आहे. सी विंग नवी. तिला कर लागला तोच २०२०मध्ये. एकाच फाटकातून आत येणारी माणसं, पण करापुरत्या दोन जाती. सी विंगचे या सवलतीचे अर्ज, म्हणजे पीटी-३, भरून देणं हे हळूहळू माझंच काम होऊन बसलं. सचिवपदाला पगार नसतो, कागद मात्र भरपूर असतात. इथे लिहिलंय ते त्या कागदांवरून.

आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत नसला की माणूस काउंटरवर गोंधळतो. १९७० साली पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने ठराव केला की स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्या मालकाला वार्षिक करपात्र रकमेत ४० टक्के सूट द्यायची, आणि देखभाल-दुरुस्तीपोटी १५ टक्के वजावट. पुणेकरांच्या दोन पिढ्या या सवलतीवर राहिल्या. बहुतेकांना ती आहे हेही माहीत नव्हतं. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात दुरुस्तीसाठी १० टक्के वजावटीचीच तरतूद आहे आणि ४० टक्क्यांना तर कायद्याचा आधारच नाही, असं म्हणणं पडलं. राज्य सरकारने ठराव विखंडित, म्हणजे रद्द, केला. १ एप्रिल २०१९पासून नव्याने कर लागलेल्या घरांना सवलत मिळेनाशी झाली, आणि जीआयएस सर्वेक्षणात (मिळकती नकाशावर नोंदवण्याची पाहणी) ज्यांच्या घरी भाडेकरू दिसला किंवा दिसला असं नोंदलं गेलं, त्यांचीही गेली. काहींना तर मागच्या वर्षांच्या फरकाची बिलं आली.

मग २०२३ उजाडलं. फेब्रुवारीत कसब्याची पोटनिवडणूक झाली, २ मार्चला निकाल लागला, सत्ताधारी पक्षाने वर्षानुवर्षांची जागा गमावली. १९ एप्रिलला एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाने ४० टक्के सवलत कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. या दोन गोष्टींचा संबंध जोडायचा की नाही, ते ज्याने त्याने ठरवावं. मी जोडते.

दुरुस्तीची वजावट मात्र १ एप्रिल २०२३पासून १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली. मागच्या वर्षांचा त्यातला फरक वसूल करायचा नाही, असंही त्याच वेळी ठरलं. त्यामुळे २०२३नंतर जुन्या घरांचंही बिल थोडं वाढलेलं दिसलं, तर ते यामुळे. ए विंगमधल्या काकांनी त्यावरून माझ्याशी बरीच हुज्जत घातली होती, जणू वजावट मीच कमी केली.

निर्णयातली खरी गोम पुढेच आहे. ज्यांची सवलत गेली होती किंवा ज्यांना लागलीच नव्हती, त्यांना ती आपोआप मिळणार नव्हती. "मी या घरात स्वतः राहतो" हे मालकाने पीटी-३ नावाच्या अर्जावर लिहून, पुरावे जोडून द्यायचं होतं. आधी १५ नोव्हेंबर २०२३ आणि मग ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत होती. माझं मत विचाराल तर हे उलटं आहे. काढून घेताना कुणी अर्ज मागितला नव्हता, परत देताना कशाला? पण मत कपाटात ठेवायचं आणि अर्ज भरायचा, कारण अर्जाशिवाय सवलत नाही हेच आजचं वास्तव आहे.

तुम्हाला अर्ज करायचाय का, हे ओळखायचं कसं

तुमचं घर जुनं असेल आणि सवलत कधी बंदच झाली नसेल, तर काही करू नका. उगाच अर्ज देऊन स्वतःची फाइल उघडायला लावू नका. अर्ज करायचा तो दोन प्रकारच्या लोकांनी. एक, ज्यांच्या घराला १ एप्रिल २०१९ किंवा त्यानंतर पहिल्यांदा कर लागला. दोन, ज्यांची सवलत सर्वेक्षणानंतर काढली गेली.

आपण कुठल्या गटात, हे पुष्कळांना सांगता येत नाही. त्याला माझ्याकडे एक घरगुती कसोटी आहे. त्याच इमारतीत, तेवढ्याच क्षेत्रफळाचं, त्याच वर्षी कर लागलेलं आणि मालक स्वतः राहत असलेलं दुसरं घर शोधा. त्यांचं बिल मागून आणा आणि दोन्ही बिलं शेजारी-शेजारी ठेवा. आमच्या सी विंगमध्ये एका मजल्यावर समोरासमोर राहणाऱ्या दोन कुटुंबांची बिलं मी अशीच डायनिंग टेबलावर ठेवली होती. स्टीलची पट्टी दोन्ही कागदांवर आडवी धरली आणि एकेक ओळ खाली सरकवत गेले. क्षेत्रफळ तेच, वापर निवासी, पट्टी पुढे सरकली. करपात्र रकमेच्या ओळीवर एकीकडे २१,६०० आणि दुसरीकडे ३६,०००. मोबाइलवर २१,६०० भागिले ३६,००० केलं, उत्तर ०.६. संपलं. एकाला सवलत आहे, दुसऱ्याला नाही. त्या ओळीच्या खालचे सगळे आकडे मग ओघाने वाढत जातात: सर्वसाधारण कर, जललाभ कर, सफाईपट्टी, वृक्ष उपकर, सगळेच.

हे आकडे येतात कसे तेही सांगून टाकते. महापालिका तुमच्या घराचं वर्षाचं वाजवी भाडं काढते. क्षेत्रफळ गुणिले भागाचा दर गुणिले १२ महिने, साधारण असा हिशेब. समजा ते ४०,००० रुपये निघालं. त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा, उरले ३६,०००. मालक स्वतः राहत असेल, तर त्यातले ४० टक्के सोडून २१,६००. कर या रकमेवर टक्केवारीने बसतो. म्हणजे 'करात ४० टक्के सूट' असं जे आपण बोलतो, ती सूट प्रत्यक्षात ज्या रकमेवर कर बसतो तिच्यात आहे. काउंटरवर बोलताना एवढं माहीत असलं की समोरचाही जरा नीट बोलतो.

बिल शेजाऱ्याला दाखवायला लोक लाजतात. पगाराची चिठ्ठी नाही ती, दाखवा.

कागद

अर्ज महापालिकेच्या मिळकतकराच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो, किंवा क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. अर्जासोबत २५ रुपये शुल्क आहे. अर्ज स्वतः सोपा आहे: मिळकत क्रमांक, मालकाचं नाव, पत्ता, घर कधीपासून स्वतः वापरताय, सही. मिळकत क्रमांक बिलावर वरच्या बाजूला असतो, इंग्रजी अक्षराने सुरू होणारा, मध्ये तिरक्या रेघा असलेला. तो बघून लिहा, आठवून लिहू नका. एक शून्य गाळलं तरी अर्ज भलत्याच खात्यावर जाऊन बसतो.

अडतं ते पुराव्यांपाशी. मागतात काय, तर तुम्ही स्वतः तिथे राहता याबद्दल सोसायटीचं पत्र, आणि त्या पत्त्याचं काहीतरी ओळखपत्र: मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, शिधापत्रिका किंवा गॅसचं कार्ड. पुण्यात तुमची आणखी एखादी मिळकत असेल, तर तिच्या बिलाची प्रतही जोडायची. ही शेवटची अट लोक लपवायला बघतात. लपवू नका. दोन घरं असणं गुन्हा नाही. सवलत तुम्ही राहता त्या घराला आहे, एवढंच त्यांना पडताळायचं असतं. आणि दुसरं बिल त्याच कार्यालयाच्या त्याच संगणकात असतं.

आता नवीन घर म्हटल्यावर पत्ता कुठेच बदललेला नसतो, ही सगळ्यात नेहमीची अडचण. गॅस जुन्या वाड्याच्या पत्त्यावर, मतदार यादीत नाव शनिवार पेठेत, पासपोर्ट सासरच्या सांगलीच्या पत्त्याचा. आमच्या सी विंगमधल्या निम्म्याहून जास्त घरांची हीच कथा होती. यातलं सगळ्यात लवकर बदलतं ते गॅसचं कार्ड. वितरकाकडे एक अर्ज आणि खरेदीखताची प्रत दिली की काम होतं. मतदार ओळखपत्राचा पत्ता बदलायला वेळ लागतो, पण तो एरवीही बदलायलाच हवा, नाहीतर मतदानाच्या दिवशी उन्हात तुम्हीच शनिवार पेठेत जाल.

दुसरी अडचण नावाची. बिल अजून बिल्डरच्याच नावावर आहे, किंवा आधीच्या मालकाच्या, किंवा वारलेल्या यजमानांच्या. अशा वेळी पीटी-३ देऊन उपयोग नाही. ज्याच्या नावावर मिळकत नाही तो 'मालक स्वतः राहतो' असं कसं लिहिणार? आधी करआकारणीच्या नोंदीवर नाव लावून घ्या. त्यासाठी इंडेक्स टू (नोंदवलेल्या खरेदीखताचा उतारा), शेवटचं भरलेलं बिल आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं, आणि यजमान गेले असतील तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद. घर विकत घेतलं की तीन महिन्यांच्या आत महापालिकेला हस्तांतराची सूचना द्यायची, असं अधिनियमातच आहे. कुणीही देत नाही, हा भाग वेगळा. दस्त नोंदवला की सरकारला सगळं कळलं, अशी आपली समजूत असते. दुय्यम निबंधकाचं दप्तर वेगळं, महापालिकेचं वेगळं.

नावातल्या बारीक फरकांवरही नजर ठेवा. बिलावर 'सौ. जोशी एम. आर.' आणि आधारवर माहेरचं नाव, असं असेल तर विवाहाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद सोबत ठेवा. पती-पत्नी दोघांच्या नावे घर असेल, तर अर्जावर दोघांची नावं बिलावर आहेत त्याच क्रमाने लिहा आणि जमल्यास दोघांच्या सह्या घ्या.

घर मुलाच्या नावावर, मुलगा बंगळुरूला किंवा परदेशात, आणि राहतात आई-वडील, असं आमच्याकडे चार-पाच घरांत आहे. यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात दहा जण दहा उत्तरं देतात. त्यांतलं एकही ग्राह्य धरू नका. परिस्थिती जशी आहे तशी साध्या कागदावर लिहून करआकारणी विभागाला द्या आणि लेखी उत्तर मागा. खोटं स्वयंघोषणापत्र देऊन मिळवलेली सवलत उद्या फरकासकट परत द्यावी लागते.

सोसायटीचं पत्र

सचिवांनो, हा भाग तुमच्यासाठी. "हे आमचे सभासद आहेत" एवढंच लिहिलेलं पत्र कामाचं नाही. सभासद तर भाड्याने देऊनही असतो. पत्र लेटरहेडवर हवं, त्यावर जावक क्रमांक आणि तारीख हवी, सदनिका क्रमांक आणि मिळकत क्रमांक दोन्ही हवेत. मजकूर आम्ही असा ठेवलाय, हवा तर उचला:

"प्रमाणित करण्यात येते की, श्री./श्रीमती ……… हे आमच्या संस्थेतील सी विंग, सदनिका क्र. … (मिळकत क्र. ………) चे मालक व संस्थेचे सभासद असून, ते दिनांक ……… पासून सदर सदनिकेत स्वतः कुटुंबासह वास्तव्यास आहेत. सदर सदनिका भाडेतत्त्वावर दिलेली नाही. हे पत्र मिळकतकरातील सवलतीसाठी त्यांच्या विनंतीवरून देण्यात येत आहे."

खाली सचिव किंवा अध्यक्षांची सही, नाव आणि गोल शिक्का. 'भाडेतत्त्वावर दिलेली नाही' हे वाक्य गाळू नका, पडताळणी करणाऱ्याची नजर तेच शोधत असते. आणि खरं असेल तरच लिहा. एका सभासदाने मला भाडेकरू ठेवूनही असं पत्र मागितलं होतं. भाडेकरार नोंदवलेला, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिलेली, आमच्याच रजिस्टरमध्ये बिनभोगवटा शुल्क (घर भाड्याने दिलं की सोसायटी लावते ते) लावलेलं, आणि पत्र हवं स्वतः राहत असल्याचं! मी त्यांना चहा दिला, पत्र दिलं नाही.

ज्यांच्याकडे सोसायटीच नाही, म्हणजे स्वतंत्र घर किंवा वाडा आहे, त्यांचा भार ओळखपत्रांवर पडतो. त्यांनी एकाऐवजी दोन-तीन पुरावे जोडावेत आणि वीजबिल ठेवावंच. वापराचे युनिट दिसले की घर नांदतं आहे हे कळतं.

अर्ज द्यायचा कुठे, आणि पोच

आपल्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयात, नागरी सुविधा केंद्रात किंवा आपल्या पेठ निरीक्षकाकडे, म्हणजे आपल्या भागाच्या मिळकतकराचं काम बघणाऱ्या माणसाकडे. 'पेठ निरीक्षक' हे नाव जुनं, पण बाणेरलाही पेठ निरीक्षकच असतो. आपला कोण आहे हे क्षेत्रीय कार्यालयात विचारलं की कळतं.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्यायचा. शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. "तुमचा अर्ज आलाय, काळजी करू नका" हे ऐकायला गोड आहे, पण पुढच्या वर्षी सांगणारा माणूस बदललेला असतो. शिक्क्याची प्रत घरी आल्यावर लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा; त्या शिक्क्यांची शाई वर्षभरात उडते.

पुष्कळ घरं असतील तर एकगठ्ठा अर्ज द्या. आम्ही वर एक यादी लावली: अनुक्रमांक, सदनिका, मालकाचं नाव, मिळकत क्रमांक, जोडलेले कागद. यादीवर एक शिक्का आणि प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर वेगळा. फक्त यादीवर शिक्का घेऊन भागवू नका, कारण पुढे भांडायची वेळ आली तर प्रत्येकाला आपापला कागद लागतो. यानंतर पेठ निरीक्षक पाहणीला येऊ शकतात. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांना सांगून ठेवा, नाहीतर "साहेब घरी नाहीत, नंतर या" म्हणून दार लागतं आणि कागदावर 'घर बंद' अशी नोंद होते.

मुदतीचं म्हणाल, तर २०२३ची मूळ मुदत कधीच संपली. त्यानंतरही महापालिका अर्ज घेत आलेली आहे, पण तारखा वर्षागणिक जाहीर होतात. बिलासोबत येणारा सूचनांचा कागद वाचा. २०२३मध्ये मुदतीत अर्ज दिलेल्यांनी २०१९पासून जास्तीची भरलेली रक्कम पुढच्या बिलांत चार समान हप्त्यांत वळती करायची, असं ठरलं होतं. उशिरा अर्ज करणाऱ्याने मागच्या सगळ्या वर्षांची आशा धरू नये. म्हणून म्हणते, या वर्षीचा अर्ज पुढच्या वर्षावर ढकलू नका.

तोवर कर भरायचा की थांबायचं?

भरायचा. यावर माझं आणि आमच्या खजिनदारांचं अजूनही पटत नाही. ते म्हणतात, चुकीचं बिल का भरा? तत्त्व बरोबर आहे. पण थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते; म्हणजे वर्षाला २४ टक्के. एवढं व्याज कुठलीही बँक तुमच्या ठेवीवर देत नाही. जास्त भरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती होऊ शकते. चढलेली शास्ती उतरवून घ्यायला मात्र पुन्हा अर्ज, पुन्हा हेलपाटे. अर्ज चालू ठेवा, भांडण चालू ठेवा, भरणा थांबवू नका.

वेळेत भरल्याचा फायदाही आहे. वर्षाच्या सुरुवातीला, बिलावर छापलेल्या तारखेच्या आत पूर्ण वर्षाचा कर भरला, तर सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सूट मिळते. लहान घरांना १०. सूट सगळ्या बिलावर नाही, फक्त सर्वसाधारण करावर आहे. हिशेब जुळत नाही म्हणून येणाऱ्या दहांपैकी आठ जणांचा गोंधळ इथेच असतो.

'अभय योजना येईल, तेव्हा भरू' म्हणणारेही असतात. येते खरी अधूनमधून. १५ नोव्हेंबर २०२५पासून पुण्यात शास्तीत ७५ टक्के माफी देणारी योजना आणली होती. नागरिक संघटना दर वेळी तिला विरोध करतात आणि मला त्यांचंच पटतं. वेळेवर भरणाऱ्याला ५ टक्के आणि बुडवणाऱ्याला ७५, हा कुठला न्याय? तरी तुमची थकबाकी जुनी असेल आणि योजना चालू असेल, तर सोडू नका. राज्याने २०२५मध्ये नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठीही थकबाकीवरची शास्ती माफ करायची वाट कायद्यात करून दिली. गावाकडचं घर एखाद्या नगरपरिषदेत असेल, तर तिथल्या मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा.

आणखी काही सवलती, थोडक्यात

सौरऊर्जा, गांडूळखत, पावसाच्या पाण्याचं संकलन यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलत आहे. 'चालू' हा शब्द महत्त्वाचा. गच्चीवर गंजलेले हीटर आणि खाली कोरडा गांडूळखताचा हौद असलेल्या सोसायट्यांच्या सवलती तपासणीनंतर काढल्या गेल्या आहेत, आणि ते योग्यच झालं.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना एका घरासाठी करमाफीची राज्याची योजना २०२०पासून आहे; जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. ज्यांना मिळू शकते त्यांपैकी कितीतरी जणांना पत्ताच नसतो. तुमच्या इमारतीत कुणी असेल तर स्वतः जाऊन सांगा.

मुंबईतल्या नातेवाइकांचं ऐकून "आमचं घर ५०० चौरस फुटांच्या आत आहे, आम्हाला कर माफ" असं कुणी म्हणालं, तर ती सवलत मुंबई महापालिकेच्या हद्दीतली, १ जानेवारी २०२२पासूनची. पुण्याला ती लागू नाही. तसंच पीटी-३ची भानगड पुणे महापालिकेपुरती. पिंपरी-चिंचवडचे नियम वेगळे, तिथे महिलांच्या नावावरच्या घरांना स्वतंत्र सवलत आहे. कॅन्टोन्मेंटचा कर कॅन्टोन्मेंट बोर्ड लावतं. समाविष्ट गावांतल्या लोकांनी आधी आपलं गाव कुठे आहे ते बघावं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०२४मध्ये महापालिकेतून बाहेर पडून नगरपरिषद झाली.

घर भाड्याने द्याल तेव्हा

सवलत घराला चिकटलेली नाही, राहण्याला आहे. भाड्याने दिलं की ती जाते, आणि तुम्ही स्वतः कळवलेलं बरं. भाडेकरार ऑनलाइन नोंदवला जातो, त्यामुळे आज ना उद्या कळतंच. भाडेकरू गेला आणि तुम्ही परत राहायला आलात की पुन्हा अर्ज करा. भाडं ठरवताना घरभाड्यात वाढलेला कर धरा. बरेच मालक तो विसरतात आणि मग मार्चमध्ये भाडेकरूशी वाद घालतात.

अर्ज दिला, पण बिल तसंच आलं

आधी शिक्क्याची प्रत जोडून स्मरणपत्र द्या. त्यानेही हललं नाही, तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. प्रश्न लांबलचक लिहू नका. "दिनांक अमुक रोजीच्या आवक क्रमांक तमुक या माझ्या पीटी-३ अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, तो सध्या कोणत्या टेबलावर आहे आणि अमान्य केला असल्यास कारण काय, याच्या टिपणीच्या प्रती मिळाव्यात." इतकंच. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि माझा अनुभव असा की पुष्कळदा उत्तराच्या आधी कामच होतं. नाव लावणं आणि कराचा उतारा मिळणं यांसारख्या कामांसाठी २०१५चा लोकसेवा हक्क अधिनियमही आहे. सेवेसाठी ठरवलेले दिवस उलटले की त्यात अपील करता येतं.

करआकारणीच चुकली असेल, म्हणजे क्षेत्रफळ जास्त धरलंय किंवा निवासीला बिगरनिवासी लावलंय, तर तो पीटी-३चा विषय नाही. आकारणीची नोटीस आली असेल तर तिच्यावर लिहिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि सुनावणीला मंजूर नकाशा आणि खरेदीखत घेऊन जा. तिथे निकाल विरुद्ध गेला, तर अधिनियमाच्या कलम ४०६खाली लघुवाद न्यायालयात अपील आहे, पण वादातली रक्कम आधी भरावी लागते आणि मुदत कमी असते, तेव्हा वकिलाकडे लगेच जा. आमच्या सी विंगमधून तिथवर अजून कुणाला जावं लागलेलं नाही. जे अर्ज परत आले, ते सोसायटीच्या पत्रावर मिळकत क्रमांक नव्हता म्हणून किंवा गॅसच्या कार्डावर जुना पत्ता होता म्हणून, आणि कागद दुरुस्त करून दिल्यावर तेही मार्गी लागले.